गिअर नसलेल्या गाडीचा घाट

इगतपुरी, घोटी, कसारा या पट्ट्यात स्कूटर चालवणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. गाडीला गिअरच नाही, मग उतारावर इंजिनाचा आधार मिळणार कसा? डावा ब्रेक दाबायचा की उजवा? उजवा दाबला की माणूस तोंडावर आपटतो म्हणतात, ते खरं का? वळणावर गाडी अचानक सुटल्यासारखी होते, हा बिघाड समजायचा का? आणि पावसाळा लागला की हमखास येणारा प्रश्न: घाट उतरताना गाडी बंद ठेवली तर तेवढंच पेट्रोल वाचेल ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी घ्या. बंद करू नका. कारण पुढे येईलच.

आधी रस्ता ठरवा

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि मोटारवाल्यांचा घाट सुटला. तुमचा सुटलेला नाही. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. ‘थोडंच अंतर जायचंय’ म्हणून रॅम्पवर चढू नका. दंड तर होईलच, पण ताशी शंभरच्या वर धावणाऱ्या गाड्यांच्या मध्ये, बोगद्यात, तुमच्या स्कूटरला जागाच नाही. म्हणजे मुंबईच्या दिशेनं जायचं तर कसारा घाटच.

घाटात जुना आणि नवा असे दोन रस्ते आहेत आणि एरवी जाणारी-येणारी वाहतूक त्यावर वाटलेली असते. पण दुरुस्ती निघाली किंवा दरड आली की एक रस्ता बंद करून दुसऱ्यावरून दोन्ही बाजूंच्या गाड्या सोडतात. ‘इथून समोरून कोणी येत नाही’ हे कालचं ज्ञान आज उपयोगाचं असेलच असं नाही. तोंडाशी लावलेली पाटी रोज वाचा.

खोडाळा-विहीगावकडचे, भावलीकडचे, घोटीहून बारी-भंडारदऱ्याकडचे रस्ते वाहतुकीनं हलके असले तरी अरुंद आहेत, वळणाला कठडा असेलच असं नाही, आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्यांपाशी माणसं रस्त्यावरच उभी असतात. अवजड गाड्यांची भीती कमी, माणसांची आणि गुरांची जास्त. तुमचं काम फक्त कसाऱ्यापलीकडे पोचण्याचं असेल, पाऊस कोसळत असेल आणि मागे लहान मूल असेल, तर स्कूटर इगतपुरीत ठेवून रेल्वेनं जाणं हा पर्याय विचारात घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

गाडी वळणावर ‘सुटते’ ती का

हे एकदा समजून घेतलं की बाकीचं सोपं जातं, म्हणून इथे जरा थांबू.

ॲक्टिव्हा, ज्युपिटर, ॲक्सेस किंवा तत्सम कुठल्याही पेट्रोल स्कूटरमध्ये इंजिनाची ताकद पट्ट्यानं, म्हणजे बेल्टनं, मागच्या बाजूला जाते. तिथे एक क्लच असतो. तो तुमच्या हातात नसतो, इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. फेरे वाढले की क्लचचे शू बाहेर फेकले जाऊन भोवतालच्या वाटीला घट्ट पकडतात आणि चाक फिरतं. फेरे उतरले की स्प्रिंग त्यांना आत ओढतात आणि चाक मोकळं होतं. सिग्नलला गाडी चालू असूनही पुढे जात नाही ती यामुळेच.

आता उतारावर काय होतं ते पाहा. तुम्ही ताशी ३०-३५ नं उतरताय, रेस पूर्ण सोडली आहे. क्लच अजून पकडून आहे, चाक इंजिनाला फिरवतंय आणि इंजिन चाकाला थोडं मागे ओढतंय. मोटारसायकलच्या दुसऱ्या गिअरइतकी ओढ नसते, पण असते. मग तीव्र वळण येतं, तुम्ही ब्रेक दाबून वेग ताशी दहा-पंधराच्या आसपास आणता. फेरे उतरतात, क्लच सोडतो, आणि त्या क्षणी इंजिनाची ओढ शून्य होते. गाडी मोकळी धावायला लागते. बिघाड नाही, ती तशीच बांधलेली आहे.

खरी मेख पुढे आहे. वळण संपलं, उतारामुळे वेग पुन्हा ३० झाला, तरी क्लच आपोआप पकडत नाही. कारण त्याला चाकाचा वेग कळत नाही, इंजिनाचे फेरे कळतात, आणि इंजिन तर खाली नुसतं गुरगुरत असतं. तुम्ही रेस देत नाही तोवर पुढचा सगळा उतार तुम्ही केवळ ब्रेकवर उतरत असता.

उपाय मनगटाचा आहे

- वळणातून बाहेर पडून गाडी सरळ झाली की डावा ब्रेक हलका धरलेला असतानाच रेस अगदी थोडी द्या. क्लच पकडल्याचा हलका धक्का सीटला जाणवतो.
- जाणवला की रेस पूर्ण सोडा. आता इंजिन तुमच्या बाजूनं ओढतंय.
- मग ब्रेक मोकळा करा आणि पुढच्या वळणाआधी गरजेपुरता दाबा.

रेस देऊन वेग वाढवायचा नाही, नुसता क्लच पकडवायचा आहे. उतारावर रेस द्यायची हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून पहिल्यांदा मोकळ्या, साध्या उतारावर करून पाहा. आवाजातला फरक कानाला कळायला लागला की मग घाटात वापरा.

गाडी बंद केली तर हाच आधार जातो. शिवाय दिवे जातात, वळणावर गरज पडली तर ताकद नसते, आणि चालू करायला ब्रेक धरून बटण दाबत बसावं लागतं. पेट्रोलचं म्हणाल, तर एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ स्कूटरमध्ये इंधन इंजेक्टरनं जातं. रेस सोडून क्लच पकडलेला असताना यातल्या बऱ्याच गाड्या इंधन आपणहून तोडतात. बंद करून वाचणारं पेट्रोल अगदी थोडं. सिग्नलला आपोआप बंद होणारी सोय तुमच्या गाडीत असेल, तर घाटातल्या कोंडीत तिचं बटणही बंद ठेवा. चढावर मध्येच इंजिन थांबलं की गाडी मागे सरकते आणि मागे कंटेनर असतो.

डावा, उजवा, की दोन्ही?

दोन्ही. पण प्रत्येक लिव्हर काय करते हे आधी माहीत हवं.

उजवी लिव्हर फक्त पुढच्या चाकाची. डावीचं उत्तर तुमच्या गाडीच्या वयावर आहे. एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या १२५ सीसीपर्यंतच्या स्कूटरना कॉम्बी ब्रेक बंधनकारक आहे. त्यात डावी लिव्हर दाबली की मागचा ब्रेक लागतो आणि त्याच्या जोडीनं पुढचाही थोडा लागतो. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत डावी म्हणजे निव्वळ मागचं चाक. जुनी गाडी हातात असेल, किंवा कॉम्बी खरोखर चालतो की नाही ही शंका असेल, तर गाडी मेन स्टँडवर लावा, कुणाला तरी मागून दाबून पुढचं चाक उचलायला सांगा, ते हातानं फिरवा आणि डावी लिव्हर पूर्ण दाबा. चाक थांबलं तर कॉम्बी शाबूत आहे. केबल गंजून हा जोड निकामी झालेल्या गाड्या रस्त्यावर सर्रास फिरतात आणि मालकाला पत्ता नसतो.

ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं. मागचं चाक हलकं होतं, पुढचं जमिनीला जास्त घट्ट धरतं. म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये आहे. ‘उजवा दाबला की तोंडावर’ ही भीती खरी ठरते ती तीन वेळा: हँडल वळलेलं असताना, चाकाखाली खडी किंवा चिखल असताना, आणि लिव्हर झटक्यानं आवळल्यावर. सरळ, कोरड्या रस्त्यावर चढत्या दाबानं उजवा ब्रेक लावणं सुरक्षित आहे, आणि तो न लावणारा माणूस गाडी थांबवायला कितीतरी लांब अंतर घेतो.

क्रम असा ठेवा. आधी डावा हलकेच, गाडी बसली की लगेच उजवा, मग दोन्हींचा दाब वाढवत न्या. वळण सुरू व्हायच्या आधी, गाडी सरळ उभी असताना हे संपलं पाहिजे. वळणात शिरताना उजवी लिव्हर मोकळी, डावीवर फार तर बोटाचा भार.

सराव सपाट, रिकाम्या जागी करा. ताशी ३० वरून एकदा फक्त डावा, एकदा फक्त उजवा, एकदा दोन्ही लावून थांबा आणि कुठे थांबलात तिथे दगड ठेवा. तीन दगडांमधलं अंतर पाहिलं की कुणी समजावण्याची गरज राहत नाही.

धरून ठेवू नका, दाबा आणि सोडा

इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना गाडी साधारण तीनशे मीटर खाली येते. याच डोंगरात रेल्वेचा चढ ३७ ला १ असा आहे आणि कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावून ढकलावं लागतं. आता तुमचा हिशेब करा. शंभरावर किलोची स्कूटर, दोन माणसं, सामान, मिळून अडीचशे किलो धरा. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते ती दोन लिटर गार पाण्याला उकळी आणायला पुरेल. काही वारा खातो, काही इंजिन खातं, उरलेली सगळी ब्रेकच्या वाट्याला येते, आणि अनेक स्कूटरमध्ये तो ब्रेक म्हणजे तेरा सेंटिमीटरचा एक ड्रम असतो.

घाटात सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे डावी लिव्हर वरून खालपर्यंत अर्धवट धरून ठेवणं. गाडी हळू चालते, माणसाला वाटतं आपण सावध आहोत. आत मात्र लायनर सतत घासत राहतात, ड्रमला गार व्हायला सवडच मिळत नाही. आधी जळका वास येतो. मग तीच लिव्हर तेवढीच दाबून गाडी कमी थांबते. मग लिव्हर ग्रिपपर्यंत जायला लागते. डिस्क असेल तर तापलेल्या जुन्या ब्रेक ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर स्पंजासारखी दबते.

त्याऐवजी वेग मनाशी ठरवा, समजा ३०. त्याच्या वर गेला की दोन्ही ब्रेक ठामपणे दोन-तीन सेकंद लावून वेग २० च्या जवळ आणा आणि लिव्हर पूर्ण सोडा. पुन्हा ३० होईपर्यंत ब्रेकना वारा लागू द्या. वेग वाढूच न देणं हे घाटातलं मुख्य काम आहे. ५० वर गेलेली गाडी उतारावर २० वर आणायला ब्रेकला कितीतरी पट जास्त घासावं लागतं.

वास आला, किंवा लिव्हर नेहमीपेक्षा खोल जायला लागली, तर रुंद जागा बघून वळणापासून लांब, रस्ता सोडून थांबा. पंधरा-वीस मिनिटं द्या. ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी ओतू नका. तापलेला धातू असा अचानक गार केला की वाकतो, प्रसंगी तडकतो. डिस्कला बोट लावून ‘किती तापलीय’ ते पाहू नका, फोड येईल.

वळण घेताना

- नजर पुढच्या चाकासमोर नाही, वळण जिथे संपतं तिथे. माणूस जिकडे बघतो तिकडे गाडी जाते. कठड्याकडे बघत राहिलात तर कठड्याकडे जाल.
- आपली बाजू सोडू नका. उजव्या वळणाला आतून कट मारून जाण्याचा मोह होतो आणि नेमका तिथेच समोरून बसचा पुढचा कोपरा येतो.
- न दिसणाऱ्या वळणाआधी हॉर्न, रात्री डिपर.
- अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा वाहतुकीचा नियम आहे. उतरणाऱ्यानं थांबायचं. चढावर थांबलेल्या भरल्या ट्रकला पुन्हा निघणं किती जड जातं ते त्याच्या ड्रायव्हरला विचारा.
- वळणावर ओव्हरटेक नाही. एसटी हळू चाललीय म्हणूनही नाही.

स्कूटरची चाकं लहान, दहा-बारा इंचांची. मोटारसायकल ज्या खड्ड्यावरून जाते त्यात स्कूटरचं चाक बसतं. खड्डा टाळता येत नसेल तर त्याच्या आधी ब्रेक लावून घ्या आणि खड्ड्यात शिरताना लिव्हर सोडा. दाबलेल्या ब्रेकनं पुढचं चाक खड्ड्याच्या कडेला आदळलं की हँडल हातातून निसटतं.

अवजड गाड्यांबरोबर

कसाऱ्याच्या उतारावर एका जागेला लोक ‘ब्रेकफेल पॉईंट’च म्हणतात. नावातच सगळं आलं. ट्रक-कंटेनरचे ब्रेकही तापतात, त्यांचं वजन तुमच्या शेकडो पट असतं.

म्हणून उतारावर अवजड गाडीच्या पुढे अगदी लगटून राहू नका. तिला जाऊ द्या आणि मागून भरपूर अंतरानं या. ट्रक आणि डोंगर यांच्या मधल्या फटीत तर कधीच शिरू नका. वळणावर ट्रेलरचं मागचं धूड आतल्या बाजूला सरकतं आणि ड्रायव्हरला तुम्ही आरशात दिसत नसता. धबधब्याचा फोटो काढायला वळणाच्या कडेला गाडी लावणाऱ्यांना काय म्हणावं! घाटनदेवीपाशी वर थांबायला जागा आहे, तिथे थांबा. उतरण्याआधी ब्रेक पाहायचे तेही तिथेच पाहून घ्या.

पाऊस आणि धुकं

इगतपुरीचा पाऊस सांगायला नको. जूनच्या पहिल्या सरींत रस्त्यावरचं तेल वर येतं, ते दिवस सर्वांत निसरडे. नंतर झाडाखालच्या कायम ओल्या वळणांवर शेवाळं धरतं. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा रंग, पुलाच्या सांध्यांचं लोखंड, ट्रकमधून सांडलेलं डिझेल (पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसतो तेच) यांवरून जाताना ना ब्रेक, ना रेस, ना हँडलला झटका. गाडी सरळ ठेवून वाहू द्या.

रस्त्यावरून वाहतं पाणी ओलांडल्यावर ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पुढचा पहिला ब्रेक लागतच नाही. पाण्यातून बाहेर आलात की मागे कोणी नाही हे पाहून हळू वेगात लिव्हर दोन-चार वेळा हलकी दाबा. घर्षणानं पाणी उडून जातं. हे पुढच्या वळणाच्या आधी करायचं.

धुक्यात अप्पर लावू नका, प्रकाश धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो. डिपरवर चाला. पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून तिच्या मागे चिकटून जाणं धोक्याचं: ती चुकली तर तुम्हीही चुकता.

मागे बसणाऱ्याशी आधी बोला

मागचा माणूस वळणाच्या उलट्या बाजूला झुकला की गाडी रुंद जाते. त्याला एवढंच सांगा: माझ्या खांद्यावरून वळणाकडे बघा, बाकी काही करू नका. साडी नेसून एका बाजूला पाय टाकून बसलेल्या व्यक्तीमुळे वजन डावीकडे जातं. सपाट रस्त्यावर चालून जातं, घाटात नाही. शक्य असेल तर दोन्हीकडे पाय टाकून बसायला सुचवा. नसेल तर वेग आणखी कमी, पदर कमरेला खोचलेला, पाय फूटरेस्टवर. साडीगार्ड काढून टाकलेला असेल तर परत बसवून घ्या, तो नियमानं आवश्यक आहे.

चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट आणि वेग ताशी ४० च्या आत, असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मुलाला पुढे फूटबोर्डवर उभं करणं बंदच करा. जोराचा ब्रेक लागला की त्याचं तोंड हँडलवर येतं.

सामानाचंही तसंच. घोटीच्या गिरणीतून निघालेलं इंद्रायणी तांदळाचं पोतं फूटबोर्डवर आडवं टाकून घाट उतरणारे तुम्ही पाहिले असतील. पोतं पुढे सरकलं की हँडल पूर्ण वळत नाही, पाय बाहेर लोंबकळतात, आणि आधीच पुढे झुकणारं वजन आणखी पुढे जातं. जड वस्तू दोरीनं घट्ट बांधा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा, मगच निघा. बांधून जमत नसेल तर टेम्पोनं पाठवा.

चढताना आणि उभी करताना

चढणीवर कोंडी झाली तर रेस देऊन गाडी तोलून धरू नका. क्लच घसरत राहतो आणि जळतो. डावा ब्रेक धरून थांबा. निघताना ब्रेक धरूनच रेस वाढवा, गाडी पुढे खेचायला लागली की ब्रेक सोडा.

उतारावर स्कूटर उभी करणं ही एक वेगळीच गंमत आहे. मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवता येते, स्कूटरला गिअर नाही आणि इंजिन बंद असताना चाक मोकळं असतं. साइड स्टँडवर तोंड उताराकडे करून लावलेली गाडी पुढे सरकते आणि स्टँड मिटतो. तोंड चढाकडे करा, ब्रेक लॉक असेल तर लावा, मेन स्टँड वापरा, मागच्या चाकाला दगड द्या.

इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर

इथे चित्र उलटं आहे. रेस सोडली की बऱ्याच इलेक्ट्रिक स्कूटरची मोटर जनरेटरसारखी चालून चाकाला रोखते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते. उतारावर हा फार मोठा आधार आहे. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागा नसते आणि गाडी हा आधार कमी करते किंवा काढून घेते. इगतपुरीत शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरायला लागलात, तर नेमका सुरुवातीलाच आधार नाही. खाली उतरायचं असेल तेव्हा ८०-८५ टक्क्यांवर निघा. चढताना उलट: घाट रेंज खातो, डॅशबोर्डवरच्या किलोमीटरवर विसंबू नका.

ब्रेक लागलाच नाही तर

घाबरून उडी मारू नका, इंजिन बंद करू नका. रेस पूर्ण सोडा. दोन्ही लिव्हर पुन्हा पुन्हा सोडून दाबा: डिस्कला दाब परत येतो, आणि दुसऱ्या चाकाची केबल शाबूत असू शकते. हॉर्न सतत. दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूला या, आणि चढाचा फाटा, मातीचा ढीग, खडीची पट्टी दिसली की तिथे गाडी घाला. वेग कमी असतानाच हा निर्णय घ्यायचा असतो.

गॅरेजमध्ये काय सांगाल

‘ब्रेक टाइट कर’ एवढं सांगून चालत नाही. नट आवळून लिव्हर वर येते, पण झिजलेले लायनर झिजलेलेच राहतात. बहुतेक ड्रमच्या बाजूला एक छोटा बाण आणि एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोचत असेल तर लायनर बदलायची वेळ झाली. हे तुम्ही स्वतः वाकून पाहू शकता. डिस्कचं ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला, टाकीच्या काचेतून काळपट दिसत असेल तर आधीच. पॅड, टायर, बेल्ट पाहायला सांगा. बदललेले जुने भाग परत मागा आणि पक्कं बिल घ्या. वॉरंटीतली गाडी असून ब्रेकची तक्रार उडवून लावली जात असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा.

तुमचे हक्क, आणि अडचण आली तर

भाड्यानं स्कूटर घेताय? काळी पाटी आणि पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्यानं देणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. ताब्यात घेताना दोन्ही ब्रेक चालवून पाहा. मालकासमोर टायरचे फोटो काढा. न पटल्यास दुसरी गाडी मागा, संकोच करू नका.

वाहतूक पोलिसांनी कागद मागितले तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं ग्राह्य आहेत.

अपघात झाल्यास रुग्णवाहिका १०८, आपत्कालीन मदत ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. रस्ते अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार देण्याची केंद्राची योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली आहे. रुग्णालयात दाखल करताना या योजनेबद्दल विचारा. आणि जखमीला उचलून नेणारे तुम्ही असाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नं तुम्हाला संरक्षण आहे: पोलीस किंवा रुग्णालय तुमचं नाव-गाव सांगायला भाग पाडू शकत नाहीत.

खड्ड्यामुळे पडलात तर लगेच खड्ड्याचे, जवळच्या किलोमीटर दगडाचे आणि गाडीचे फोटो काढा, पोलिसांत नोंद करा, उपचाराचे कागद जपा. खड्ड्यांमुळे झालेल्या मृत्यूत वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे. अर्ज कुठे आणि कसा करायचा याची मोफत मदत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात मिळते. इगतपुरी-घोटीकडच्यांसाठी ते नाशिकला जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे.